रावसाचा काटा आणि परशुरामाची सुरी

कल्याणचे गुणाजीराव रविवारी आपल्या मुलासाठी हेमाला बघायला येणार आणि जेवायलाच येणार असं कळलं, तेव्हा नौपाड्यातल्या त्या घरात पहिला प्रश्न हेमाच्या साडीचा नव्हे, माशाच्या काट्याचा निघाला. दोन वर्षांपूर्वी याच मुलासाठी दुसरीकडे एक स्थळ बघायला गेले असताना गुणाजीरावांच्या घशात काटा अडकला होता. मुलगी चांगली होती, पण स्थळ त्यांनी तिथल्या तिथे नाकारलं. आता त्यांनी आधीच निरोप धाडला होता: रावस आनंदाने खाऊ, मात्र ताटात काटा दिसता कामा नये.

“एवढंच ना?” हेमाचा थोरला भाऊ परशुराम म्हणाला. “ते माझ्याकडे लागलं.”

परशुराम ठाकुर्लीला रेल्वेत फिटर होता. हत्यारांच्या बाबतीत तो जगात कुणाचं ऐकत नसे. त्यानं कल्याणच्या बाजारातली तीन दुकानं पालथी घातली. एकेक सुरी नखानं वाजवून कानाशी धरली. पातळ, वाकणारी पाती “हे कसलं पोलाद?” म्हणत बाजूला सारली आणि सगळ्यांत जाड, सगळ्यांत जड सुरी घेतली. तिला चाकावर अशी धार लावली की घरी येऊन मनगटावरचे केस सफाचट करून दाखवले. मग पेपर हवेत धरून उभा चिरला. आई रखमाबाईंचा तो वाचायचा राहिला होता. पण खोटं कशाला बोला, धार अशी की बघत राहावं.

रविवारी सकाळी चेंदणीच्या सखुबाई कोळीण हातभर लांब रावस घेऊन आल्या.

“कापून देव?”

“आज नको, सखुबाई. आज बसून बघा,” परशुराम म्हणाला.

सखुबाई खरंच मागच्या पडवीत टोपली टेकवून बसल्या. परशुरामानं माशाच्या मानेला सुरी लावली आणि ओढली. दोन ओढींत शेपटीपर्यंत आला. त्यानं कौतुकासाठी मान वर केली. रखमाबाईंनी मांसातून बोट फिरवलं.

“परशा, यात काटे आहेत.”

“कुठं?”

“सगळीकडे.”

सुरीला काटा जाणवलाच नव्हता. वाटेत काटा आला की तिनं तो मासा समजून कापला होता. आधी काटा निदान एक होता, हाताला सापडत होता. आता त्याचे शंभर बारीक तुकडे झाले होते. ते काढण्यासाठी परशुरामानं आणखी कापलं, तेव्हा मांसाचाच चुरा झाला.

“अजून दुसरी बाजू आहे,” तो म्हणाला.

“हेमाला जन्मभर घरात ठेवायची असेल तर काप,” रखमाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

सखुबाईंनी त्याच्या हातातून सुरी घेतली, अंगठ्यानं चाचपली. “धार झ्याक हाय, बाला. पन तुज्या सुरीला काटा कलत नाय.”

मग त्यांनी टोपलीतून स्वतःची सुरी काढली. झिजून झिजून बोटभर उरलेली, दुकानात परशुरामानं बाजूला सारली असती अशी. धुण्याच्या ओल्या दगडावर त्यांनी ती सावकाश एका अंगानं, मग दुसऱ्या अंगानं घासली. टोक दाबलं तसं पातं वाकलं आणि पुन्हा सरळ झालं.

“हिला जोर देयाचा नाय. काट्यावर टेकवायची, नि काटा नेल तिकडं जायाचं. शेपूट धर गो पोरी. सोडलीस त माजा हात जाईल.”

हेमानं पदर खोचला आणि बसली. पातं काट्यावरून किरकिरत निघालं, कण्याशी वाकलं, बरगड्यांवर चढलं, उतरलं. त्या बाईच्या हातात घाई नव्हती की थांबणं नव्हतं. पाहता पाहता आख्खी बाजू एकसंध सुटून आली आणि काटा फणीसारखा साफ मागे राहिला. परशुराम उकिडवा बसून बघत होता. “आठ वर्षं धार लावतोय,” तो हळूच म्हणाला, “हे मला कुणी सांगितलं नाही.”

मागे कुणीतरी खाकरलं. गुणाजीराव आधीच्या गाडीनं आले होते, आणि पुढच्या दारी कुणी दिसेना म्हणून मागे आले होते.

“हेमा, आत जा,” रखमाबाई कुजबुजल्या.

“सोडू नको गो, कातडं रायलंय,” सखुबाई म्हणाल्या.

हेमानं दोघींकडे पाहिलं आणि शेपूट घट्ट धरली. “जरा थांबावं लागेल,” ती मान वर न करता पाहुण्यांना म्हणाली. तिच्या केसांना खवले चिकटले होते. गुणाजीराव बादली पालथी घालून मुकाट्यानं बसले.

जेवताना त्यांनी चार तुकड्या खाल्ल्या. काटा निघाला नाही. चुऱ्याचं कालवण परशुराम आत बसून एकेक घास चाचपत खात होता. हात धुऊन सतरंजीवर बसल्यावर रखमाबाई म्हणाल्या, “मुलीला बोलावते.”

“कशाला? बघितली की.”

रखमाबाईंचा चेहरा उतरला. “अहो, एरवी ती अशी नसते. आज जरा...”

“निसटता मासा शेवटपर्यंत सोडला नाही तिनं. मला थांबवलं, पण शेपूट सोडली नाही. आम्हाला पसंत आहे.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “मुलगा आमचा जरा हातातून निसटणाराच आहे.”

दारामागून हेमा बाहेर आली.

“मग पुढच्या रविवारी त्यांना पाठवा,” ती म्हणाली. “माझं बघणं अजून व्हायचंय.”

गुणाजीरावांनी मान डोलावली. “पाठवतो कसला, मीच धरून आणतो.”