लोण्याची वाट

फेब्रुवारीत बायकोने, ताइमीने, घरातलं लोणी बंद केलं, तेव्हा हैमो पाकारिनेन एका शब्दाने बोलला नाही. उत्तरेकडच्या त्या बर्फाळ मुलखात पुरुष तसेही बोलत नाहीत, त्यामुळे यात वावगं काही दिसलं नाही. बारा गाई पाळणाऱ्या माणसाने पावाला कसल्याशा बियांचं तेल लावावं, हे त्याच्या मनाला पटत नव्हतं. तोंड मात्र मुकाट्याने ओटची बिनमिठाची लापशी गिळत होतं.

सगळी भानगड गावच्या पैजेतून उपटली होती. हिएतावारा आणि तळ्यापलीकडचं कुइक्काला या दोन गावांनी ठरवलं, की एप्रिलअखेर ज्या गावाचं सरासरी कोलेस्टेरॉल जास्त उतरेल ते जिंकलं. हरलेल्यांनी उन्हाळाभर जिंकलेल्यांच्या सौना, म्हणजे वाफेच्या न्हाण्या, तापवून द्यायच्या. नर्स सिर्काबाईंनी सगळ्यांचं रक्त तपासलं आणि हैमो गावात पहिला आला. नऊ पूर्णांक दोन; तिथल्या मापाने तो पाचाच्या आत हवा. त्यात ताइमी महिला मंडळाची अध्यक्षा, म्हणजे दिव्याखालीच अंधार.

"आर्वीचाही एवढाच होता," ती आकडा बघून हळूच म्हणाली.

आर्वी हा हैमोचा थोरला भाऊ. एक्कावन्न वर्षांचा असताना लाकडं फोडता फोडता जरा टेकला, तो उठलाच नाही. हैमो आता पन्नाशीचा होता. भावाची आठवण त्याला रोज यायची. पण खरं सांगायचं तर लोण्याचीही यायची, आणि ती जेवणाच्या वेळी जास्त यायची.

शेवटी त्याने लोण्याचा दीड किलोचा डबा कोटाखाली दडवला, स्की चढवल्या आणि गोठलेल्या तळ्यावरून चार किलोमीटरवरचं बेट गाठलं. तिथे त्याची मासेमारीची झोपडी होती. घरी सांगितलं, बर्फाखाली जाळं लावलंय, रोज सकाळी बघून यावं लागेल. पुढचे चार दिवस अगदी सुखात गेले. काळ्या पावाच्या तुकड्यावर बोटभर जाडीचं लोणी थापायचं आणि खिडकीतून बर्फ बघत चवीने खायचं.

पण तळ्यावर स्कीची वाट पडली होती, आणि तिथे पाडलेली वाट एकट्याची राहत नाही. कुणी ताज्या बर्फात वाट पाडली की ती गावाची झाली. तिच्यावर आलेल्याला 'का आलास' असं विचारण्याइतका उद्धटपणा हिएतावारात आजवर कुणी केला नव्हता. पाचव्या दिवशी हैमोने मागे वळून पाहिलं, तर शेजारचा उर्पो येत होता.

"छान वाट पाडलीस," उर्पो म्हणाला. आठवड्याभरातलं त्याचं हे सगळ्यात लांब वाक्य असावं. "कुठवर जाते?"

झोपडीपर्यंत म्हणावं तर उर्पो आत येणार, त्याला डबा दिसणार, आणि त्याची बायको ताइमीच्याच मंडळात.

"बेटाला वळसा घालून," हैमो म्हणाला. एकदा म्हटल्यावर वळसा घालणं आलंच. त्या दिवशी दहा किलोमीटर झाले आणि लोणी शून्य.

दुसऱ्या दिवशी उर्पोबरोबर त्याची मेहुणी आणि शाळेचे मास्तर आले. हैमोने मग पहाटे सहाला निघून बघितलं. एकाहत्तर वर्षांची आउने आजी स्की बांधून आधीच वाटेवर उभी होती. त्याने चिडून उत्तरेच्या टोकाकडे नवी वाट पाडली, तर लोकांनी चढ आवडला म्हणून त्याचे आभार मानले. सिर्काबाईंनी दवाखान्याच्या फळ्यावर कागद लावला, 'हैमोची वाट, रोज सकाळी सात.' मार्चपर्यंत सतरा जण झाले. पुढे चालणाऱ्याला थांबता येत नाही, पाइपही ओढता येत नाही. झोपडी रोज चाळीस पावलांवरून जायची आणि हैमोच्या तोंडाला पाणी सुटायचं.

"काय रे, त्या झोपडीत ठेवलंयस काय?" आउने आजीने एकदा विचारलं.

"जाळी."

"मग कधी बघत कसा नाहीस?"

"मासे नाहीत," हैमो म्हणाला आणि त्याने वेग वाढवला. बाकीच्यांनीही वाढवला. इतक्या दिवसांत एकही मासा घरी आला नव्हता, पण ताइमीने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

एप्रिलअखेर पुन्हा रक्त तपासलं. हैमोचा आकडा सहा पूर्णांक आठवर आला होता. अजून उतरायला हवा, असं सिर्काबाईंनी बजावलं, पण तेवढ्यावर हिएतावारा केसाच्या अंतराने जिंकलं. सत्कारात हैमोला दोन शब्द बोलायला उभं केलं. "वाट होती," एवढं बोलून तो खाली बसला. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव जिंकल्याच्या आनंदात झोपून राहिलं. बर्फ जेमतेम आठवडाभर टिकणार होतं. हैमो एकटाच निघाला आणि थेट झोपडीत शिरला. डबा जागच्या जागी होता, लोण्यावर त्याच्याच चाकूची खूण होती. पण डब्याभोवती घरच्या स्वयंपाकघरातलं लाल चौकड्यांचं फडकं नीट गाठ मारून बांधलेलं होतं. पाव खिशातच राहिला. तो डबा घेऊन घरी आला.

"तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी. आपलं एकुलतं एक जाळं कोठीत खुंटीला लटकत होतं."

"मग फेकून का नाही दिलंस?"

"फेकलं असतं तर तू घराबाहेर पडला असतास?"

हैमोने विचार केला. नसता पडला. "आणि उर्पो?"

"त्याला मीच म्हटलं, वाट चांगली आहे, बघून ये. बाकीचे आपणहून आले." मग ती खिडकीकडे वळली. "मे महिन्यात तुला एक्कावन्न पुरी होतात. मला फार भीती वाटत होती, हैमो."

इतक्या वर्षांच्या संसारात असं ती पहिल्यांदाच बोलली. त्याने डब्यावरच्या फडक्याची गाठ सोडली.

"उन्हाळ्यात झोपडीत वितळेल," तो म्हणाला. "आर्वीच्या जुन्या घराची विहीर थंड असते. तिथे सोडून ठेवू."

"अकरा किलोमीटर आहे ते."

"सायकल आहे."

ताइमीने पावाचा एक तुकडा कापला, त्यावर लोण्याचा नावापुरता हात फिरवला आणि तो त्याच्यापुढे ठेवला. मग ती स्वतःच्या सायकलीत हवा भरायला कोठीकडे गेली.