मामांना हलवू नये

नीरम म्हणजे काय, हे मला कुणी सांगू नये. मचवा रिकामा असला की वाऱ्यानं कलंडू नये म्हणून तळाशी जे वजन भरतात, ते नीरम. हे ज्ञान मला राहीला बघायला निघालो त्या दिवशी, भर खाडीत झालं.

आमचं घराणं दर्याचं. मी मात्र उरणला दुकानात कापड मोजणारा. आगबोटीशिवाय कशात बसलो नव्हतो. राहीचे वडील कोंडाजी तांडेल यांना दर्यातलाच जावई हवा होता. म्हणून माझ्या दयाराममामांनी ठोकून दिलं होतं की पोरगा शिडाखालीच वाढला.

आम्हाला आगरदांड्याला न्यायला तांडेल स्वतः मचवा घेऊन दिघीला आले, आणि चहा प्यायला वर गेले. मी मचव्यात डोकावलो. तळाशी शेवाळलेले दगड! सासऱ्यावर छाप पाडायला यापेक्षा चांगली संधी कुठली? मी सगळे दगड खाडीत टाकले आणि तळ असा पुसला की खुशाल पंगत बसवावी. मामा धक्क्यावर बसून शाबासकी देत होते.

तांडेल आले, शीड चढलं. मध्यावर वारा भरला आणि मचवा रुसलेल्या व्याह्यासारखा एका कुशीवर झाला. तांडेलांनी तळाशी पाहिलं.

"नीरम कुठं हाय?"

"घाण होती. काढली," मी म्हणालो.

मापाडी पोत्याकडे बघतो तसं तांडेलांनी मामांकडे बघितलं.

"दयारामशेट, खाली मधोमध आडवं व्हा."

मामा आडवे झाले. मचवा सरळ झाला.

आगरदांड्याला मामा उठू लागले, तर तांडेलांनी त्यांना खांद्याला धरून परत निजवलं. वारा अजून होता.

"माल चढल्याबिगर नीरम उतरवत न्हाईत."

माल म्हणजे मिठाची पोती, ती यायची संध्याकाळी. आणि बोलणी तर मामाच करणार होते! शेवटी मुलगी बघण्याचा कार्यक्रम मचव्यातच झाला. राही गुडघाभर पाण्यातून पोहे घेऊन आली. मामा तळातून माझे गुण सांगत होते, आणि तांडेल त्यांना पुन्हा पुन्हा पोहे वाढत होते. तेवढंच वजन वाढलेलं बरं. राहीनं एकदाच बापाला विचारलं, दगड यांनीच टाकले का. मी मान खाली घातली. आता पोहे तेवढे पदरात पडणार, मुलगी नाही.

अखेर तांडेल म्हणाले, "पोरगा लई हलका हाय. एकटा न्हाय चालायचा. मामा संगं देत असाल, तर पोरगी दिली."

मला ती चेष्टा वाटली. लग्न होऊन आता बरेच दिवस झाले. मामा आमच्याकडेच असतात, माजघरात मधोमध झोपतात. त्यांना हलवायचं नाही, असं राहीनं बजावलंय. मला मात्र ती कुठंही हलवते.