सुशीलाबाईंचा वर केलेला हात

दूध संस्थेचा अध्यक्ष गोवर्धन याने संस्थेचे हिशेब तपासायला स्वतःच्या मेव्हण्यालाच नेमलं, हे कन्हैयालालला जेवता जेवता कळलं. त्याने ताट बाजूला सारलं.

"कायद्यातच बसते ते, मामाजी," सून रविता म्हणाली. "आता सरकारी ऑडिटर येत नाही. सरकारच्या यादीतला कोणी बी सभेनं निवडायचा. त्याचा साळा यादीत हाय."

"ज्याचे हिशेब तपासायचे, त्यानंच तपासणारा निवडायचा? मंग कायदाच चुकला. मी कायद्यावरच केस टाकतो."

ही संस्था त्याच्या बायकोने, सुशीलाबाईने, दारोदार हिंडून उभी केली होती. ऑडिटर यायच्या दिवशी ती सणाचं लुगडं नेसून कपाटाच्या किल्ल्या त्याच्यापुढे ठेवायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. तिचं सदस्यत्व कन्हैयालालने अजून आपल्या नावावर करून घेतलं नव्हतं. रविताने एकदा विषय काढला, तेव्हा तो म्हणाला होता, "माह्यं नाव टाकाले तिचं काटावं लागते. कायले काटू?"

अर्जुनी मोरगावच्या वकिलाने हात जोडले आणि नागपूरच्या हायकोर्टाची वाट दाखवली. तिथल्या तरुण वकिलाने विचारलं, "तुम्ही संस्थेचे सदस्य आहात?"

"घरवाली आहे," कन्हैयालाल म्हणाला. 'होती' म्हणायला त्याची जीभ वळली नाही. बाई आजारी असतील, असं समजून वकिलाने त्याच्याच नावाने याचिका दाखल केली.

सुनावणीला गोवर्धनही आपला वकील घेऊन हजर झाला. न्यायाधीशांनी कायद्याचं नावही काढलं नाही. "याचिकाकर्ते सदस्य नाहीत, ऑडिटर नाहीत. या कायद्याने त्यांचं काय बिघडलं? दाद मागायचा त्यांना अधिकार काय?"

"त्यांच्या पत्नी सदस्य आहेत," तरुण वकील म्हणाला.

"मग त्या का आल्या नाहीत?"

कन्हैयालाल उभा राहिला. तेवढ्यात गोवर्धनच्या वकिलाला संधी दिसली.

"त्यांची तक्रारच नाही, माय लॉर्ड. ऑडिटर निवडला त्या सभेला झाडून सगळे सदस्य हजर होते. यांच्या पत्नीने तर हात वर करून पाठिंबा दिला."

गोवर्धन मागून त्याचा कोट ओढत होता. वकिलाने तो झटकून सोडवून घेतला.

"साहेब," कन्हैयालाल म्हणाला, "तिले मरून तीन वर्षं झाली."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. न्यायाधीशांनी चष्मा काढला. खोट्या हजेरीची तक्रार निबंधकांकडे करा, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. कायद्याला आव्हान देण्याचा अधिकार मात्र याचिकाकर्त्याला नाही, म्हणून याचिका फेटाळली.

बाहेर पायऱ्यांवर गोवर्धन खाली मान घालून उभा होता. आता शिव्या बसणार, असं तो धरून चालला होता. कन्हैयालाल त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"कुठं बसली होती?"

गोवर्धनला आधी कळलंच नाही. मग तो खालीच बघत म्हणाला, "खिडकीपाशी, भाऊ. नेहमीच्या जागी."

"खिडकी लावली होती ना? तिले वारा सोसत नाही."

"लावली होती," गोवर्धन म्हणाला.