घाबरू नका, काही पुसलं जात नाही

जेवणाच्या सुट्टीत गांगुर्डे सरांकडे कुणी मीठ मागितलं, की ते आधी विचारत, "एफ-वन दाबलंत का?" मगच मीठ पुढे सरकवत. रस्ता विचारायला थांबलेल्या रिक्षावाल्यालाही त्यांनी हेच विचारल्याचं मी ऐकलंय.

कीबोर्डावरचं एफ-वन दाबलं की मदतीची पानं उघडतात. अंबडमधली आमची छोटी कंपनी द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजसाठी सॉफ्टवेअर करते, आणि त्यातली मदतीची सगळी पानं सरांनी लिहिलेली. ते त्यांना 'ग्रंथ' म्हणत. खोलीचं तापमान कसं नोंदवावं यावर त्यात आठ परिच्छेद होते, त्यातले दोन तापमान म्हणजे काय यावर. प्रत्येक पानाचा शेवट एकच: 'घाबरू नका. काही पुसलं जात नाही.' 'नोंद कायमची कशी पुसावी' या पानाचासुद्धा. मी ते दाखवलं तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "माणूस तिथेच सगळ्यात जास्त घाबरतो."

ग्रंथाचा साचा जुना झाला होता. तो ब्राउझरमध्ये उघडेल अशा नव्या साच्यात आणायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी कळलं, की ग्राहकांच्या नव्या संगणकांवर डावीकडे अनुक्रमणिका दिसते आणि उजवीकडे नुसतं कोरं पान. चौकशी केली. चार वर्षं हे असंच होतं आणि एकाही ग्राहकाची तक्रार नव्हती.

हे मी सरांना सांगितलं. थोड्या मजेनेच सांगितलं, हे कबूल करतो.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "चार वर्षं कोरं?"

"हो सर."

"आणि कुणाचा फोन नाही."

त्या दुपारी मी मीठ मागितलं, तर त्यांनी काही न विचारता सरकवलं.

नंतर ग्रंथात त्यांनी लक्षच घातलं नाही. तुला हवं ते ठेव, म्हणाले. मी आठातले दोन परिच्छेद ठेवले आणि 'घाबरू नका' एका फटक्यात सगळीकडून उडवलं.

नव्या साच्यात पानाच्या तळाशी एक प्रश्न होता: 'हे पान उपयोगी पडलं का?' खाली 'हो' आणि 'नाही' अशी दोन बटणं, आणि चार ओळी लिहायला जागा. याचं मात्र सरांना भलतंच कुतूहल. रोज सकाळी डबा हातातच धरून ते माझ्या टेबलाशी यायचे. "काही आलं?" काही आलेलं नसायचं. तिसऱ्या आठवड्यात मला बघवेना. घरून, ग्राहकाचं नाव न घालता, मी एक 'हो' दाबला. सरांनी तो बराच वेळ पाहिला आणि "बरं" म्हणाले.

मग एका मंगळवारी 'नाही' आला. वणीच्या एका कोल्ड स्टोरेजमधून, सुमन पगारे नावाच्या ऑपरेटर बाईंचा. खाली लिहिलं होतं: 'ते घाबरू नका कुठं गेलं? आम्ही जुनं सगळं छापून ठेवेल हाय, त्यात हाय. नवीन पोरी कामाला आल्या का मी आधी तेच वाचून दाखवते. परत टाका.'

"सर, ते मी काढलं होतं," मी म्हणालो.

सर खुर्ची ओढून बसले आणि एकेका पानावर ती ओळ परत टाकायला लागले. सगळीकडे एकदम टाकता येते, हे मी दोनदा सांगितलं. ऐकू आल्याचं त्यांनी दाखवलं नाही. 'नोंद कायमची कशी पुसावी'पाशी आल्यावर थांबून माझ्याकडे पाहिलं.

"टाका सर," मी म्हणालो.

संध्याकाळी डबा पिशवीत ठेवता ठेवता ते म्हणाले, "तो पहिला 'हो' आला होता ना, बिननावाचा?"

"असेल कुणीतरी."

"असू दे," सर म्हणाले. "पुसू नकोस."