दिवेकर सरांचा रुमाल

विमानात रुमाल टाकून जागा धरणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आमच्या कॉलेजचे दिवेकर सर हनोईला निघाले, तेव्हा तोही पाहून झाला. स्वतःच्या नंबरावर बसले आणि शेजारच्या सीटवर निळ्या चौकड्यांचा रुमाल अंथरला. हवाई सुंदरीने तो चिमटीत उचलला.

"राहू द्या," सर चक्क मराठीत म्हणाले, "माणूस येतोय."

माणूस आला. नंबर त्याचाच होता. सर म्हणाले, "बसा. तुमच्यासाठीच धरली होती."

सर संख्याशास्त्र शिकवतात, एकटे राहतात आणि दिसेल तिथे रुमाल टाकतात. कँटीनमध्ये, बँकेत, एकदा तर शोकसभेत. कोणासाठी, असं विचारलं की म्हणतात, "शेवटी येणारं कोणीतरी असतंच, बाई. धरून ठेवलेली बरी."

पुण्यात खराडीला आयटी पार्क उभे राहिले, तशी आमच्या मॅनेजमेंट कॉलेजलाही जगाची ओढ लागली. पूर्वी अभ्याससहल शेजारच्या मांजरी गावाला जायची, ऊस बघून यायची. आता व्हिएतनाम. एक दिवस कारखाना, बाकीचे दिवस सेल्फी. मी सहलप्रमुख, म्हणजे पासपोर्ट, जुलाबाच्या गोळ्या आणि पालकांचे फोन. सर सोबत आले ते एका अटीवर.

"मला बाकी काही दाखवू नका. त्या पाण्यावर नाचणाऱ्या बाहुल्या तेवढ्या चुकवू नका. मे महिन्यात रिटायर होतोय. परत कोण आणतंय मला?"

बाहुल्या शेवटच्या दिवशी होत्या. सकाळी बसमध्ये रुमाल पडला. मग फुटपाथवरच्या कॉफीच्या दुकानात, पाटाएवढ्या बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर. मालकीणबाईंनी त्याच रुमालाने टेबल पुसलं आणि तो नीट परत स्टुलावर ठेवला. सर खूश. "शिस्त आहे हो यांच्यात."

त्या स्टुलावर शेवटी बसली स्नेहल. वर्ध्याहून आलेली, अबोल पोरगी. बाकीची मुलं इंग्रजीत खिदळत आधीच घोळका करून बसली होती, त्यात तिच्यासाठी फट नव्हती.

"सर, मी राह्यते नं उभी."

"उभं राहायला पुण्यातली बस आहे. बसा."

सकाळी बसमध्येही रुमालाच्या जागेवर तीच बसली होती, हे मला तेव्हा आठवलं.

दुपारी तळ्याकाठच्या देवळातून निघालो. बाहुल्यांचं थिएटर रस्त्याच्या पलीकडे, आणि रस्ता म्हणजे स्कूटरचा पूर. पुण्यात बिनदिक्कत सिग्नल तोडणारी आमची मुलं तिथे शेळ्या झाली. एकमेकांच्या बॅगा धरून कशीबशी पोचली. आत जाऊन बसलो तर दोन खुर्च्या रिकाम्या.

"मॅम, स्नेहल पलीकडेच राहिली," एकजण म्हणाला. "क्रॉसच करेना, रडायला लागली. सर परत गेले तिला आणायला."

"आणि तुम्ही?"

"मॅम, सर गेले ना."

नेतृत्वगुणांवर यांना दोन पेपर आहेत.

दिवे मंदावले. खेळ सुरू झाला की दार बंद, असं गाईडने बजावलं होतं. तेवढ्यात तिथली एक बाई दोन गोऱ्या पाहुण्यांना घेऊन आमच्या रांगेशी आली आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं. मी एकीवर पर्स ठेवली. दुसरीवर ठेवायला काही नव्हतं. मग पन्नाशीला आलेल्या, तिसऱ्या वर्षाला कॉस्टिंग शिकवणाऱ्या मी कमरेचा रुमाल काढला आणि अंथरला.

बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाली. मी मराठीत म्हटलं, "माणूस येतोय."

कसं कोण जाणे, तिला कळलं. पाहुण्यांना तिने मागच्या रांगेत नेलं.

दार लागता लागता दोघं आली. स्नेहलने सरांची बाही अजून सोडली नव्हती. ती पर्सच्या खुर्चीवर बसली. सर मात्र उभेच.

"हा कोणाचा?"

"माझा. बसा आता, मागच्यांना दिसत नाही."

"नाही, म्हणजे... धरली कोणासाठी?"

"तुमच्यासाठी. दुसरं कोण यायचं राहिलं होतं?"

सर सावकाश बसले. समोर पाण्यावर आगीचे फवारे सोडत ड्रॅगन निघाले, बदकं पळाली, मुलं ओरडली. ज्या बाहुल्यांसाठी हा माणूस एवढ्या लांब आला होता, त्यांच्याकडे त्याचं लक्ष होतं असं मी छातीठोक सांगणार नाही. माझ्या रुमालाची घडी करायची, मोडायची, पुन्हा करायची, असं सरांचं अंधारात चाललं होतं.

बाहेर आल्यावर मी हात पुढे केला.

"चुरगळलाय," सर म्हणाले. "पुण्याला गेल्यावर धुऊन देतो."

सर रिटायर होऊनही आता बरेच दिवस झाले. रुमाल काही आलेला नाही. मीही मागितलेला नाही.