दोन वर्षांच्या कॉलेजाची गोधडी

मार्लिस टोलेफ्सनबाईंची गोधडी जानेवारीतच बेतून झाली होती! बाकीच्या बायका मे उजाडायची वाट बघत बसल्या होत्या. बसू देत!

"पोरं कुठल्या विद्यापीठात जाणार ते पक्कं होईपर्यंत थांबतात त्या, ज्यांना आपल्या पोरांचा भरवसा नाही," मार्लिसबाई चर्चच्या तळघरात सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "आमच्या ब्रिटाला पत्र आलं आणि त्याच संध्याकाळी मी कापड कापलं. निळं आणि सोनेरी!"

हे गोधडीमंडळ दर बुधवारी दुपारी चारला भरायचं, म्हणजे मार्लिसबाई शाळेच्या स्वयंपाकघरातून सुटल्या की. मोठ्या लाकडी चौकटीवर गोधडी ताणायची, भोवती आठ बायका बसायच्या, आणि कॉफी पीत टाके घालायच्या. हायस्कूल संपवणाऱ्या प्रत्येक पोराला चर्चकडून एक गोधडी मिळायची, त्याच्या विद्यापीठाच्या रंगांत. मे महिन्यातल्या एका रविवारी पाळकबाई पोरांना पुढे बोलवत, गोधडी खांद्यावर टाकत, आणि अख्खं मिनेसोटा राज्य कौतुकाने बघतंय असं त्या पोरांच्या आयांना वाटे.

जी पोरं जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जात, त्यांना मात्र करडी गोधडी. साधी, सरसकट करडी. हा नियम मार्लिसबाईंचाच. "दोन वर्षांच्या कॉलेजाला कसले आलेत रंग!" असं त्यांनी एकदा म्हटलं, आणि त्यांनी म्हटलं म्हणजे तो नियमच झाला.

आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी, जेवायच्या टेबलावर, त्यांची स्वतःची पोरगी मटार पुढे सरकवत काय म्हणाली?

"आई, मी विचार करतेय. आधी दोन वर्षं इथल्या कम्युनिटी कॉलेजात करावीत, मग विद्यापीठात जावं."

"कोणी?"

"मी."

"का? विद्यापीठाने काढून टाकलं का तुला? जायच्या आधीच?"

"नाही गं! मला काय शिकायचंय तेच ठरत नाहीये. तिथं एकेका वर्गात चारशे मुलं, इथं बावीस. पहिल्या दोन वर्षांचे विषय तेच, ते पुढे धरतात. फी पावपटसुद्धा नाही. आणि घरून जाता येईल."

"व्हर्लिन! ऐकतोयस ना, काय म्हणतेय ती?"

व्हर्लिन टोलेफ्सन ट्रॅक्टर दुरुस्त करत आणि फार बोलत नसत. लग्न ठरलं तेव्हा, ब्रिटा झाली तेव्हा आणि वावटळीने गोठ्याचं छप्पर उडवून नेलं तेव्हा त्यांनी जे मत दिलं होतं, तेच त्यांनी आताही दिलं.

"वाईट नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी बटाटे वाढून घेतले.

"वाईट नाही?" मार्लिसबाईंनी डाव आपटला. "दोन वर्षं म्हणे! मीसुद्धा दोनच वर्षं म्हणून शाळेच्या स्वयंपाकघरात लागले होते. दोन वर्षं चार पैसे साठवीन, मग शिकायला जाईन! सव्वीस झाली, ब्रिटा! सव्वीस वर्षं मी लोकांच्या पोरांना मका वाढतेय! दोन वर्षं कधी दोन नसतात!"



"पण मी म्हणजे तू नाहीस, आई," ब्रिटा हळूच म्हणाली.

"ते दिसतंयच! मला कुठल्या विद्यापीठाचं पत्र आलं नव्हतं!"

शेवटी तह झाला. विद्यापीठाला उत्तर द्यायला एक मेपर्यंत मुदत होती. तोवर एकदा ते कॉलेज डोळ्यांनी बघून यायचं. मार्लिसबाई लगेच तयार झाल्या. खोट काढायची तर ती जागेवर जाऊन काढलेली बरी.

शुक्रवारी दोघी गेल्या. गाडी थेट दारासमोर लागली.

"बघ! जागा रिकामी आहे, म्हणजे कोणी येतच नसणार इथं," मार्लिसबाई म्हणाल्या. आत गेल्या तर वर्ग भरलेले! पोरं होती, पोरांच्या वयाची नसलेली माणसंही होती, आणि एक आजोबा पहिल्या बाकावर बसून लिहून घेत होते. जीवशास्त्राचे मास्तर हातात कॉफीचा थर्मास घेऊन स्वतः बाहेर आले, आणि ब्रिटाशी पाणथळ जमिनीवर अर्धा तास बोलले. अर्धा तास! निघताना तिला नावाने हाक मारून म्हणाले, काही विचारायचं असलं तर खुशाल लिही.

"इतका रिकामटेकडा माणूस काय शिकवणार?" गाडीत बसताना मार्लिसबाई म्हणाल्या. पण ब्रिटाचा चेहरा असा फुलला होता, की त्यांना पुढचं बोलवेना. रागावण्यासारखं काहीच सापडलं नाही, याचाच त्यांना घरी पोचेपर्यंत संताप आला.

वर त्या कॉलेजाच्या दारात चांगलं हातभर लांब निशाण लावलेलं. लाल आणि पांढरं. रंग होते की मेल्यांना!

आता मार्लिसबाई हरल्या होत्या असं अजिबात नाही. पण उद्या पोरीने हट्ट धरलाच, तर? अख्ख्या चर्चपुढे टोलेफ्सनांची मुलगी करड्या गोधडीत? त्या जिवंत असताना? छे! तयारी असलेली बरी. शनिवारी त्या गाडी काढून दोन गावं पलीकडच्या कापडाच्या दुकानात गेल्या, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. चार वार लाल आणि चार वार पांढरं फाडून घेतलं, वळल्या, आणि समोर दोऱ्याची रिळं घेऊन आर्डेल क्विस्ट उभी! गोधडीच्या चौकटीला वीस वर्षं मार्लिसबाईंच्या शेजारी बसणारी आर्डेल.

"कापड घेतलंस?" आर्डेल म्हणाली.

"हो."

"लाल."

"आणि पांढरं."

"हं. छान आहे," आर्डेल म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला.

रविवारी दुपारी दाराची घंटा वाजली. आर्डेल होती, हातात झाकलेलं गरम भांडं. हॉटडिश! खाली खिमा, मध्ये मशरूमचं सूप, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे. आता हॉटडिश कोणी उगाच आणत नाही. घरात कोणी गेलं, कोणाचं ऑपरेशन झालं, कोणाचं घर जळालं, तर आणतात.

"असू दे घरात," आर्डेल म्हणाली, मार्लिसबाईंचा दंड दाबला आणि निघून गेली.

"कोण गेलं?" मार्लिसबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"मी नाही," व्हर्लिन म्हणाले, आणि काटा शोधायला लागले.

सोमवारी दोन हॉटडिश आल्या. मंगळवारी सकाळी एक. आणि दुपारी, शाळेतून घरी येऊन पायातले बूट काढताहेत तोवर, पाळकबाई पाचवी घेऊन दारात! आत येऊन त्यांनी मार्लिसबाईंचे दोन्ही हात हातात घेतले.

"मार्लिस, मुलं आपली असली तरी त्यांच्या वाटा आपल्या नसतात. ब्रिटा कुठेही गेली तरी ती आपलीच आहे. आम्ही सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करतोय. व्हर्लिन, तुम्ही कसे आहात? तुम्हाला तर फारच लागलं असेल."

"वाईट नाही," व्हर्लिन तोंडातला घास सांभाळत म्हणाले.

आणि मार्लिसबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला! आर्डेलने कापड पाहिलं. आर्डेलने ओळखलं. ब्रिटा कम्युनिटी कॉलेजात जाणार हे अख्ख्या गावाला कळलं, आणि हे अख्खं गाव त्याचं सुतक पाळत होतं!

पाळकबाईंची पाठ वळताच त्यांचा स्फोट झाला. "प्रार्थना! पोरगी शिकायला चाललीय की तुरुंगात? पाच हॉटडिश! माझी आई गेली तेव्हा चार आल्या होत्या!"

शुक्रवारपर्यंत त्या कॉलेजाला त्या स्वतःच नावं ठेवत होत्या, हे खरं. पण ते वेगळं! आपल्या पोरीला आपण वाटेल ते बोलू. गावाने तिच्यासाठी बटाटे तळायचं काय कारण?

पुढे दोन आठवडे त्या बुधवारी फिरकल्याच नाहीत. घरी आतल्या आत धुमसत राहिल्या. एप्रिलच्या शेवटच्या बुधवारी मात्र तळघराचा जिना दणदण उतरून त्या आत शिरल्या, आणि कोट न काढताच सुरू झाल्या.

"मला एक सांगा, कोणाला लाज वाटते? समोर येऊन सांगा! बावीस पोरांचा वर्ग असतो तिथला! मास्तर पोरांना नावाने ओळखतात! तुमचा रक्तदाब बघते ती नर्स कुठे शिकली? जानेवारीत तुमचं घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडते तेव्हा ज्याच्या पाया पडता, तो कुठे शिकला? माझी ब्रिटा विचार करून, डोकं वापरून दोन वर्षं तिथं जायचं म्हणतेय, आणि तुम्ही कोणी मेल्यासारख्या हॉटडिश आणता? गोधडी होणार ती लाल-पांढरीच होणार! ज्याला बघवत नसेल त्याने डोळे मिटून घ्यावेत!"

सगळ्या सुया थांबल्या.

"कम्युनिटी कॉलेज?" आर्डेलने विचारलं.

"मग काय तर!"

"विस्कॉन्सिन नाही?"

"विस्कॉन्सिन?" मार्लिसबाईंचा आवाज तळघराच्या छताला लागला. सीमेपलीकडच्या राज्यातल्या त्या विद्यापीठाचे रंगही लाल-पांढरेच, आणि त्यांच्या फुटबॉल संघाशी मिनेसोटाचं वैर इतकं जुनं, की व्हर्लिन त्या सामन्याच्या दिवशी लाल टोमॅटोसुद्धा ताटात घेत नसत. "माझ्या घरातली पोरगी विस्कॉन्सिनला? अगं बायांनो, काय भलतंसलतं बोलता!"

"आम्हाला तेच वाटलं!" सगळ्या एकदम म्हणाल्या. जिवात जीव आला सगळ्यांच्या! कोणी कॉफी ओतली, कोणी लिंबाच्या वड्या पुढे केल्या, आणि एकीने तर डोळे पुसले. "अगं, मग एवढी हॉटडिश फुकटच गेली की!"

आर्डेल तेवढी हसली नाही.

"मला ते रंग ठाऊक होते," ती म्हणाली. "माझा कर्टिस त्या कम्युनिटी कॉलेजातच शिकला. अकरा वर्षं झाली. मी तेव्हा विचारलं होतं, लाल-पांढरी करू या का त्याला? तू म्हणालीस, दोन वर्षांच्या कॉलेजाला कसले आलेत रंग. ती करडी मी माझ्या हाताने शिवली, मार्लिस. दुकानात तुझ्या हातात ते कापड बघितलं, तेव्हा तू त्या कॉलेजासाठी गोधडी करशील हे माझ्या मनातच आलं नाही. विस्कॉन्सिन पटलं. हे नाही पटलं."

इथं असं तोंडावर कोणी कोणाला बोलत नाही. मार्लिसबाईंनी सावकाश कोट काढला आणि खुर्चीवर बसल्या. कान तापले होते. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"कर्टिस आता काय करतो?"

"हॉस्पिटलात नर्स आहे. तुझ्या व्हर्लिनचा गुडघा बदलला, तेव्हा चार दिवस त्याचं सगळं त्यानेच केलं."

"तो कर्टिस होता?"

"मिशी ठेवलीय आता."

मार्लिसबाईंनी घसा साफ केला. "माझ्याकडे चार-चार वार कापड आहे. दोन गोधड्या होतील. एक कर्टिसला."

"तो एकोणतीस वर्षांचा आहे, मार्लिस."

"मग त्याला थंडी वाजत नाही का?"

आर्डेलने लिंबाच्या वड्यांची ताटली त्यांच्यापुढे सरकवली.

मार्लिसबाई घरी आल्या त्या पदर खोचल्याच्या आवेशात. ब्रिटा स्वयंपाकघरात चौथी हॉटडिश गरम करत होती. ती आणि पाचवी फ्रीजरमधून कालच निघाली होती.

"ब्रिटा! ठरलं! तू कम्युनिटी कॉलेजात जायचंस! कोणी एक अक्षर बोलणार नाही, मी सगळ्यांची तोंडं बंद करून आलेय!"

ब्रिटाच्या हातातला डाव तसाच राहिला. "आई... मी दुपारीच विद्यापीठाला हो कळवलं."

"काय?"

"तू म्हणाली होतीस ना, दोन वर्षं कधी दोन नसतात. ते डोक्यातून जाईचना. मग मी त्या जीवशास्त्राच्या सरांना लिहिलं. ते म्हणाले, इथं ये, आनंदच आहे. तिथं जा, तरी आनंदच आहे. फक्त घाबरून ठरवू नकोस. आणि मला भीतीच वाटत होती, आई. त्या चारशे मुलांची. बाकीची कारणं मी नंतर गोळा केली."

जानेवारीपासून मार्लिसबाईंना हेच ऐकायचं होतं. आणि आता ऐकलं, तर डोळे भरून आले आणि अंगाचा तिळपापड झाला, दोन्ही एकाच वेळी!

"अठरा वर्षांत तू माझं एकदा ऐकलं नाहीस!" त्या ओरडल्या. "टोपी घाल म्हटलं, घातली नाहीस! पियानो शीक म्हटलं, शिकली नाहीस! आणि ऐकायचा मुहूर्त सापडला तो आजचा? अख्ख्या तळघरात मी त्या कॉलेजासाठी भांडून आल्यावर?"

"मग नाही म्हणून कळवू का?"

"खबरदार!"

व्हर्लिन दारात येऊन उभे राहिले. दोघींकडे बघून ते बोलायला तोंड उघडणार होते, पण बायकोचा चेहरा बघून त्यांनी ते मिटून घेतलं.

मार्लिसबाईंनी हाताच्या पाठीने डोळे पुसले, पोरीच्या हातातून डाव घेतला आणि तिच्या ताटात दणकून दोन डाव वाढले.

"जा तू विद्यापीठात," त्या म्हणाल्या. "पण तिथं त्या चारशे पोरांतल्या एकाने जरी कम्युनिटी कॉलेजाला नावं ठेवली ना, तर मला फोन कर. मी येते!"