छत्तीस नव्हे, तीन-सहा

मुलुंडच्या भाजीबाजारात कुणी “ए चार-सहा!” अशी हाक मारली की मी मुकाट्यानं ओ देतो. माझं नाव तसं बरं आहे, पण आमच्या दातांच्या डॉक्टर बनसोडेबाईंच्या ते डोक्यात राहत नाही. माझ्या खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनाल त्यांनी केलं आणि तेव्हापासून मी चार-सहा.

बाई साठीच्या पुढच्या. दवाखाना पिठाच्या गिरणीवर. गिरणी सुरू झाली की पेशंटची खुर्चीसुद्धा थरथरते. “मशीन माझं नाही रे, खालचं आहे,” असा धीर त्या प्रत्येकाला देतात.

एकदा केसपेपरवरचा आकडा वाचून मी एका दाढेला ‘छत्तीस’ म्हणालो. बाई उखडल्या.

“तीन-सहा म्हण! छत्तीस दात राक्षसाला असतात. तोंडाचे भाग चार. वर उजवा एक, वर डावा दोन, खाली डावा तीन, खाली उजवा चार. आधी भाग सांगायचा, मग मधल्या दातापासून मोजत मागे जायचं. आणि उजवा म्हणजे तुझा उजवा, माझा नाही. कळलं?”

दवाखान्याचा आणखी एक कायदा होता. दुखरा दात पेशंटनं स्वतः बोट लावून दाखवायचा. त्याशिवाय सुई नाही.

गेल्या हिवाळ्यात माझी ताई अमेरिकेहून आली, ती दाढदुखी घेऊनच. तिकडच्या डॉक्टरची चिठ्ठी होती: सतरा नंबर काढा. मी तिला बाईंकडे नेलं. बाईंनी चिठ्ठी वाचली, ‘एक-सात’ असं पुटपुटत वरच्या उजव्या दाढेवर आरसा धरला.

“या दाढेला काय झालंय? घोड्यासारखी धडधाकट आहे!”

“अहो, लिहिलंय ना त्यात? काढून टाका,” ताई म्हणाली. शनिवारी नात्यात लग्न होतं, तिला घाई होती.

“बोट ठेव.”

“मी काय बालवाडीत आहे?”

“ठेव गं.”

ताईनं चिडून बोट ठेवलं. खाली, डावीकडे, पार शेवटी. चांगल्या दाढेच्या अगदी विरुद्ध टोकाला.

बाईंनी चिठ्ठी पुन्हा वाचली. मग खो खो हसत सुटल्या. “अगं, तिकडे भाग नाहीत! सरळ एक ते बत्तीस. वर उजवीकडून सुरू करून डावीकडे जायचं, मग खाली उतरायचं. तुझी सतरा म्हणजे ही खालची अक्कलदाढ. आमची तीन-आठ!”

एक्स-रे काढला. किडलेली तीच निघाली. ती दाढ काढून झाल्यावर तोंडात कापूस धरून बसलेली ताई मधूनमधून उजवा गाल चाचपून बघत होती. चांगली दाढ जागेवरच होती.

संध्याकाळी बेल वाजली. दारात बाई, जिने चढून धापा टाकत.

“रक्त थांबलं का बघायला आले.”

“अहो, फोन करायचा ना!”

“फोनवर आ करता येतं का रे?”

टॉर्च मारून बघितलं. सगळं झकास होतं. तरी बाई उठेनात. टॉर्च पर्समध्ये ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. आमच्या पेपरची घडी नीट केली. ताईनं मला खूण केली. मी आणखी एक ताट घेतलं.

“नको रे, माझं घरी जेवण...” बाई थांबल्या. “म्हणजे, करायचंय अजून. एकटीचं काय, पटकन होतं.”

“बसा हो,” सुजल्या गालानं ताई म्हणाली. “मलाही एकटीला मऊभात जात नाही.”

बाई बसल्या. भात दोनदा घेतला, वर तूप मागून घेतलं. ताटं वाळली तरी दोघींच्या गप्पा चालूच होत्या. आज जास्त बोलायचं नाही, हे पेशंटला सांगायचं बाई साफ विसरल्या होत्या.